बोहारीण आणि आम्ही

आमच्या लहानपणी पुण्यास सदाशिव पेठेतील ज्या वाड्यात आम्ही राहत होतो, तेथे महिन्या-पंधरा दिवसांनी भर दुपारी एक बोहारीण येत असे. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचे गाठोडे, आणि आवाज असा की माडीवर लवंडलेली वडील मंडळीही खडबडून उठावीत. एका पातेल्यासाठी चार लुगडी द्यावयाची की पाच, ह्या प्रश्नावर आमच्या आजीची आणि तिची ओसरीवर तासभर घासाघीस चाले, आणि ती ऐकण्यासाठी आम्ही मुले परवचा अर्धवट टाकून धावत असू. परंतु आज आम्हांस त्या घासाघिशीपेक्षा अधिक आठवते ती तिची कापड पाहण्याची रीत. ती लुगडे उलगडून उजेडाकडे धरी, काठाजवळ अंगठ्याने दाबून सूत जोखी, आणि ते कोठे फाटले आहे हे सांगण्याच्या भानगडीत न पडता पुढे कोठे फाटणार आहे हे सांगे. सुती निराळे, रेशमी निराळे, ज्याची जर निघण्याजोगी असेल ते त्याहून निराळे. जे धडके ते जुन्या बाजारात जाई. जे विरलेले ते गोधडीच्या कामी येई. आणि जे गोधडीसही उपयोगी पडणार नाही ते कारखान्यात यंत्रे पुसण्यासाठी खपे. तिच्या गाठोड्यात 'टाकाऊ' ह्या नावाचा कप्पाच नव्हता. ती हे सर्व पोटासाठी करीत होती. परोपकार हा शब्द तिच्यापुढे कोणी उच्चारला असता तर, त्याच्या बदल्यात किती लुगडी मिळतात, असे तिने विचारले असते, ह्याविषयी आम्हांस शंका नाही.

ह्या बोहारणीची आठवण आम्हांस साठ वर्षांनी झाली ती इंग्लंडात. पत्नीच्या निधनानंतर आमच्या मुलीने आम्हांस पुण्याहून आपल्याकडे नेले. तिचे बिऱ्हाड लीड्सजवळच्या एका लहानशा गावी आहे. पहिला हिवाळा आम्ही खिडकीशी बसून घालविला. दुसऱ्या हिवाळ्याच्या आरंभी ती म्हणाली, "बाबा, दिवसभर नुसते पाऊस मोजत बसता. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या चॅरिटी शॉपमध्ये जा ना. त्यांना माणसे हवीच असतात." त्याप्रमाणे आम्ही मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस तेथे जाऊ लागलो. दुकान कोणत्या संस्थेचे हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याच्या व्यवस्थापक बाई पगारी आहेत; बाकीचे आम्ही सर्व बिनपगारी, आणि बहुतेक सर्व साठीच्या पलीकडचे.

चॅरिटी शॉप म्हणजे धर्मादाय दुकान. लोकांनी दिलेले जुने सामान विकावयाचे आणि नफा सत्कार्यास लावावयाचा, अशी ही साधी योजना आहे. साल्व्हेशन आर्मीच्या विल्यम बूथने १८९० साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात घरोघरचे टाकलेले सामान गोळा करणाऱ्या पथकांची कल्पना मांडली होती. परंतु ह्या दुकानांना आजचे रूप आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या ग्रीसमध्ये दोस्तांच्या नाकेबंदीमुळे लोक उपाशी मरू लागले, तेव्हा १९४२ साली ऑक्सफर्ड येथे एक समिती निघाली. तीच पुढे ऑक्सफॅम ह्या नावाने प्रसिद्धीस आली. तिचे १९४७ साली ब्रॉड स्ट्रीटवर सतरा क्रमांकाच्या जागेत उघडलेले दुकान आजही चालू आहे. ह्याच संस्थेने १९५१ साली बिहारच्या दुष्काळपीडितांस मदत पाठविली होती, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. आज ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांहून अधिक दुकाने आहेत. दान मिळालेल्या मालाच्या विक्रीवर त्यांस मूल्यवर्धित कर पडत नाही, आणि इंग्लंडात तर दुकानाच्या जागेवरील करातही पाच भागांपैकी चार भाग सूट असते.

येथवर सर्व सुरेख आहे. परंतु रस्त्यावरून दिसते ते दुकान निराळे आणि मागच्या खोलीतले निराळे. त्या खोलीत आम्ही पहिल्या दिवशी पाऊल ठेवले तेव्हा छतापर्यंत रचलेल्या पिशव्या पाहून आम्हांस एखाद्या धान्याच्या वखारीत आल्यासारखे वाटले. पिशव्या सोडू लागलो तसतसा हा भास ओसरला. एकाच पायाचा बूट. झाकण नसलेली बरणी आणि बरणी नसलेले झाकण. चारशे नव्व्याण्णव तुकड्यांचे कोडे. वासावरूनच ओळखू यावा असा कुत्र्याचा बिछाना. आणि अधूनमधून न धुतलेले अंतर्वस्त्र. रविवारी दुकान बंद असते. तरीही त्या दिवशी पुण्य जोडू इच्छिणारी मंडळी पिशव्या दारात ठेवून जातात, आणि यॉर्कशायरचा पाऊस त्यावर आपला हक्क सांगतो. सोमवारी सकाळी त्यातील चांगल्या लोकरी कोटांसही कुबट वास लागलेला असतो, आणि मग सर्व पिशवी पैसे मोजून कचरागाडीत भरावी लागते. हे पैसे विक्रीतून जातात, म्हणजे अखेर ज्याच्यासाठी दान दिले त्याच्याच ताटातून जातात. गादीच्या खुर्चीवर आगीपासून सुरक्षित असल्याची चिठ्ठी शिवलेली नसेल तर १९८८ सालच्या नियमांमुळे ती विकता येत नाही. विजेचे उपकरण तपासल्याखेरीज विकावयास ठेवता येत नाही. देणाऱ्यास ह्यातले काही ठाऊक नसते. आपण काहीतरी दिले, एवढ्या समाधानावर तो घरी जातो.

ह्यात इंग्रजांसच नावे ठेवावीत असेही नाही. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला कुजत पडलेले सर्वांनी वर्तमानपत्रांत पाहिले होते. त्या ढिगांत पुण्याहून गेलेली एक पेटी आमचीही होती. त्या पेटीत काय भरले होते हे आज आठवू गेलो तर, एक लोकरीचा गळपट्टा आणि मुलीचा शाळेचा पोशाख, एवढे निश्चित आठवते. नागपट्टिणमच्या उकाड्यात गळपट्ट्याचे कोणी काय केले असेल, हे त्या वेळी आमच्या मनासही शिवले नव्हते.

असो. मागच्या खोलीत आमचे काम निवडण्याचे. जे विकण्याजोगे असेल त्यास वाफ देऊन सुरकुत्या काढावयाच्या, किमतीची चिठ्ठी टोचावयाची आणि दांडीवर लावावयाचे. चिठ्ठीवर आठवड्याचा आकडा असतो. दोन-तीन आठवड्यांत जे खपले नाही ते उतरवून पोत्यात भरावयाचे, कारण मागून नव्या पिशव्या येतच असतात. त्या पोत्यांस चिंध्यांची पोती म्हणतात, आणि एक व्यापारी ती वजनावर घेऊन जातो. भाव किलोमागे पेन्सांत मोजावा असा. हा क्रम आम्हांस प्रथम फार शिस्तीचा वाटला आणि आम्ही मनातल्या मनात त्याची वाखाणणीही केली.

आता आमच्या हातून घडलेला प्रकार सांगितला पाहिजे. पत्नीच्या साड्यांची एक पेटी आम्ही इंग्लंडात आणली होती. मुलगी साडी क्वचितच नेसते. पेटी दोन वर्षे पलंगाखाली राहिली. एके दिवशी आम्ही मन घट्ट केले आणि त्यांतील तीन इरकली साड्या, लाल टोपपदराच्या, धुऊन, घडी करून दुकानात नेऊन दिल्या. ह्या कोणाच्या हे सांगण्याचा संकोच वाटला म्हणून आमचा वार नसलेल्या दिवशी गेलो, आणि त्या काय आहेत हेही सांगितले नाही. पुढे सर्दीतापाने आम्ही जवळजवळ तीन आठवडे घरीच होतो. बरे होऊन एका मंगळवारी कामावर गेलो, तर दांडीवरून उतरविलेला ढीग पोत्यात भरण्याचे काम आमच्याकडे आले. त्या ढिगात एक इरकल होती. तिच्या पदरास चिठ्ठी टोचली होती: 'पडद्याचे कापड, २ पौंड'. इतर दोहोंची चौकशी केली तेव्हा त्या गेल्या शुक्रवारच्या गाडीने गेल्याचे कळले.

त्या क्षणी आमच्या मनाची काय अवस्था झाली तिचे वर्णन करण्याचा आमचा विचार नाही. व्यवस्थापक बाईंस आम्ही दोष दिला नाही, आणि तो देण्यास जागाही नव्हती. हातमागावर अंग आणि पदर निरनिराळे ताणे जोडून विणावे लागणारे हे कापड आहे, ते पाच वार लांब का आहे, आणि ते कोणी कसे नेसते, हे यॉर्कशायरमधील बाईंस कोण सांगणार? सांगणारा मनुष्य घरी पडून होता, आणि तत्पूर्वी चोरासारखा पिशवी ठेवून निघून गेला होता. रविवारी पावसात कोट ठेवून जाणाऱ्या मंडळींहून तो फारसा निराळा नव्हता. आम्ही नियमाप्रमाणे दोन पौंड गल्ल्यात टाकले आणि साडी घरी आणली.

उरलेल्या दोन कोठे गेल्या असतील ह्याचा शोध घेण्याची मात्र मनास ओढ लागली. आमच्या गावापासून बॅटली हे गाव फार दूर नाही. तेथे १८१३ साली बेंजामिन लॉ नावाच्या गृहस्थाने लोकरीच्या चिंध्या पिंजून, नव्या लोकरीत मिसळून, पुन्हा सूत काढण्याची युक्ती शोधून काढली. ह्या कापडास 'शॉडी' म्हणत. बॅटली आणि शेजारचे ड्यूसबरी ही गावे त्यावर गबर झाली आणि देशोदेशीच्या चिंध्या तेथे येऊन पडू लागल्या. हाच शब्द पुढे इंग्रजीत हलक्या मालाचे विशेषण होऊन बसला. ज्याने कचऱ्याची लोकर केली त्याच्या वाट्यास ही कीर्ती आली. आता त्या गिरण्या बंद पडल्या आहेत. तथापि ऑक्सफॅमने १९७४ साली हडर्सफील्ड येथे काढलेले न खपलेले कपडे निवडण्याचे केंद्र पुढे ह्याच बॅटलीत आले, हा योगायोग आम्हांस मोठा समर्पक वाटतो. पिंजण्याचा धंदा मात्र समुद्र ओलांडून गेला, आणि तो ज्या गावी स्थिरावला त्याचे नाव ऐकून आम्ही हातातला चहाचा पेला खाली ठेवला. ते गाव पानिपत.

मराठी मनुष्यास पानिपत म्हटले की १७६१ ह्यापलीकडे काही सुचत नाही. परंतु जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचे आज अनेक वर्षे तेथेच पानिपत होत आले आहे, आणि त्यातून कांबळी निघाली आहेत. भारतात असे कपडे चिंध्या म्हणून आणावयाचे तर ते आधी कापून निकामी केलेले असावे लागतात, नाहीतर ते इथल्या बाजारात कपडे म्हणून विकले जातील अशी सरकारास धास्ती. पानिपतास बायका त्यांची बटणे, साखळ्या, अस्तरे काढतात, आणि रंगावर रंग असे ढीग लावतात. लालाचे सूत लालच निघते, त्यामुळे ते पुन्हा रंगवावे लागत नाही. रंगही वाचतो आणि पाणीही. ती स्वस्त कांबळी भूकंप-महापुरात वाटण्यासाठी मदतसंस्था विकत घेत आल्या आहेत. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ चादरींनी ह्या धंद्यास ग्रासले आहे, आणि येणाऱ्या चिंध्यांतही खरी लोकर थोडी, कृत्रिम धागा फार. इरकलीसारख्या सुती-रेशमी कापडास मात्र तेथे काम नाही. तेव्हा आमच्या दोन साड्या पानिपतास गेल्या नसाव्यात. बहुधा त्यांचे चौकोनी तुकडे होऊन एखाद्या मोटारीच्या कारखान्यात तेल पुसले गेले असेल. आजीच्या बोहारणीनेही फाटक्या लुगड्याचे शेवटी तेच केले असते. पण ते शेवटी, पहिल्या तीन आठवड्यांत नव्हे.

ह्या प्रसंगानंतर आमची नजर दुकानाच्या एकूणच नासाडीकडे वळली, आणि कापडाकडून ती दाराकडे गेली. इंग्लंडातील पेठेत ऐन जानेवारीत दुकानांची दारे सताड उघडी असतात. बंद दार म्हणजे बंद दुकान, असे गिऱ्हाईक समजते, हा आमच्या बाईंचा सिद्धान्त. त्या उघड्या दारावर गरम वारा सोडणारा सहा किलोवॉटचा हीटर लावलेला. आम्ही एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला: तो आठ तास पूर्ण चालला तर ४८ युनिटे वीज खातो. पुण्यास आम्ही उभयता महिन्याला जेवढी वीज वापरीत होतो तेवढी हा पंखा दोन दिवसांत रस्त्यावर फुंकीत होता. छतास ५८ वॉटच्या वीस नळ्या होत्या. त्यांच्या जागी एलईडीच्या २४ वॉटच्या लावल्या तर तेवढ्याच उजेडास निम्म्याहूनही कमी वीज लागते. वाफेचे यंत्र सकाळी दहाला चालू होई ते पाचापर्यंत खदखदत राही, मग वाफ द्यावयास एक सदरा असो वा नसो. २०२२ साली विजेचे दर कडाडले तेव्हा मुख्य कचेरीने काटकसरीचे पत्रक धाडले होते. ते मागच्या खोलीत, नेमके त्या यंत्राच्या वर, टाचणीने लावलेले होते, आणि वाफेने त्याची शाई पसरली होती.

दार बंद ठेवण्याची सूचना आम्ही केली तेव्हा बाई म्हणाल्या, तुमच्या विजेच्या बचतीने एक गिऱ्हाईक परत गेले तर हिशेब कोणी द्यावयाचा? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. 'दुकान चालू आहे, दार ढकला' अशी मोठी पाटी लावून आम्ही एक महिना प्रयोग केला. पहिल्या शनिवारी विक्री खरोखरच उतरली, आणि बाईंनी गल्ल्याची पट्टी आमच्यापुढे काही न बोलता ठेवली. त्याहून वाईट म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस दार ढकलता येईना. ते काचेबाहेर थांबलेले कोणाच्या लक्षातही आले नाही. धर्मादाय दुकानाचे दार इतके जड असावे ही गोष्ट आम्हांस फार लागली. आमच्यात एक निवृत्त वीजतंत्री आहेत. किटल्या आणि दिवे तपासून विक्रीस योग्य करण्याचे काम तेच करतात. त्यांनी दाराची स्प्रिंग सैल करून दिली. आता थंडीत दार बंद असते, बाजाराच्या दिवशी दुपारी दोन तास ते उघडतात, पण तेव्हा हीटर बंद. विक्री पूर्वपदावर आली. मीटरचा आकडाही पूर्वीच्या मानाने मंदगतीने सरकतो. वाफ देण्याचे काम सकाळी दोन तासांत उरकावयाचे ठरले आहे. नळ्यांचे प्रकरण मात्र घरमालकाच्या परवानगीवाचून अडून राहिले आहे, आणि घरमालक पत्रास उत्तर देत नाही.

मागच्या दाराच्या फटीतून येणारा वारा उरला होता. त्यावरचा उपाय इंग्रज म्हाताऱ्यांस आमच्या आधीपासून ठाऊक होता. न खपलेल्या विजारीचा एक पाय कापावयाचा, त्यात चिंध्या ठासावयाच्या, दोन्ही तोंडे शिवावयाची, आणि हा अजगर उंबऱ्यापाशी आडवा टाकावयाचा. आमच्या आजीने त्यास लोड म्हटले असते. एकीने हौसेने त्यास बटणांचे डोळे लावले, तर तो दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने तीन पौंडांस मागून नेला. तेव्हापासून शुक्रवारी दुपारी आम्ही चौघे-पाच जण बसून अजगर शिवतो. चिंध्यांच्या पोत्यांपैकी एक पोते त्यात जिरते. पोती आठवड्याला दहा-बारा निघतात, हेही येथे सांगून ठेवणे बरे. पोटात चिंधी भरताना आम्ही ती आता उजेडाकडे धरून पाहतो. ह्या सवयीची बाकीची मंडळी प्रथम थट्टा करीत. हल्ली तीही तसेच करू लागली आहेत. मागील महिन्यात अशाच एका चिंधीची खरी काश्मिरी शाल निघाली. कसरीने तीन भोके पाडली होती, एवढाच तिचा अपराध. रफू करून ती चाळीस पौंडांस गेली.

साड्यांची हकीकत बाईंस पुढे केव्हातरी आमच्या मुलीकडून कळली. त्या आम्हांस काही बोलल्या नाहीत. परंतु दुसऱ्या मंगळवारी गेलो तो मागच्या खोलीत खिडकीशी एक नवी फळी ठोकलेली दिसली. जे कापड काय आहे हे कोणास ओळखता येत नाही ते आता दांडीवरही जात नाही आणि पोत्यातही जात नाही. ते त्या फळीवर राहते, आणि जो कोणी येईल त्यास दाखविले जाते. पहिल्या पंधरवड्यात आम्ही तेथून एक पैठणीचा तुकडा आणि दोन चंदेरी ओढण्या ओळखून दिल्या आणि स्वतःवर बरेच खूष झालो. सध्या त्या फळीवर निळीत बुडविल्यासारखे एक गडद कापड आहे, त्यावर पांढरी वर्तुळे. आम्ही ते उजेडाकडे धरले, अंगठ्याने दाबून पाहिले, आणि सुती आहे ह्यापलीकडे आम्हांस काही सांगता आले नाही. गुरुवारी काम करणाऱ्या एक नायजेरियन बाई आहेत. त्यांना दाखवावे असे ठरले आहे.